सोवनी सरांचा एक सप्तमांश रणगाडा

रणगाड्याचा सातवा हिस्सा आपल्या मालकीचा झाला आहे, ही गोष्ट बायकोला जेवणाआधी सांगावी की जेवणानंतर, या विचारात निशिकांत सोवनी सर सिंगापूरच्या मेट्रोतून हौगांगला उतरायचं विसरले आणि थेट सेंगकांगला पोचले. उलट्या गाडीत बसताना जेवणानंतर सांगायचं असं ठरलं. पण ब्लॉकच्या लिफ्टपर्यंत येईतो त्यांना शंका आली, की जेवणानंतर सांगितलं तर संजीवनीबाई म्हणतील, ‘म्हणजे माझ्या हातची आमटी ओरपेपर्यंत गप्प बसलात!’ आणि आधी सांगितलं तर आमटी मिळेलच याची खात्री नव्हती. शेवटी त्यांनी ते जेवता जेवता, मीठ मागावं इतक्या सहजपणे सांगितलं.

“अगं, यिशुनला तो रणगाडा आहे ना...”

“कुठला रणगाडा?”

“आहे एक. जुना. त्याचा सातवा हिस्सा आता आपला आहे.”

संजीवनीबाईंच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला रद्दीच्या दुकानातून रद्दी विकत आणताना पाहिलं होतं, भाजी आणायला पाठवलं तर शब्दकोश घेऊन येताना पाहिलं होतं. पण ही मजल नवी होती.

“ठेवणार कुठे?” त्यांनी विचारलं. बाई व्यवहारी. घरात काहीही येणार म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न हाच.

वास्तविक सिंगापूरच्या सरकारी फ्लॅटात लढाईच्या सामानासाठी रास्त जागा असते. घराघरात जाड भिंतींची, पोलादी दाराची एक बॉम्बशेल्टर खोली बांधून दिलेली असते. सोवन्यांच्या त्या खोलीत तांदळाची पिंपं, चार बॅगा आणि सरांचे एकोणीस शब्दकोश होते. उद्या युद्ध झालंच, तर शब्दकोश वाचतील आणि माणसं बाहेर राहतील, असं संजीवनीबाई नेहमी म्हणत.

मुलगा अमेय रॅफल्स प्लेसला एका बँकेत धोके मोजण्याचं काम करतो. त्याने चमचा खाली ठेवला. “बाबा, इथे कॉरिडॉरमध्ये तुळशीची कुंडी ठेवायची तरी नियम आहेत. तुम्ही सही केलीत?”

“केली.”

“वाचून?”

“वाचायला चष्मा काढेपर्यंत पेन हातात आलं होतं रे. समोरच्याने पुढे केलेलं पेन परत घ्यायला लावणं बरं दिसत नाही.”

आता यात सरांचा दोष म्हणाल तर एवढाच, की त्यांना फ्रेंच येत होतं. पुण्यातल्या मुलींच्या शाळेत चाळीस वर्षं त्यांनी फ्रेंच शिकवलं. या काळात सुमारे सहा हजार मुलींनी ‘स्कोअरिंग’ म्हणून तो विषय घेतला, शंभरात सत्त्याण्णव गुण मिळवले आणि गुणपत्रिका हातात पडली त्या दिवशी सगळं फ्रेंच शाळेच्या फाटकातच सोडून त्या सायन्सला गेल्या. खुद्द सरांनी एका खऱ्या फ्रेंच माणसाशी आयुष्यात एकदाच संभाषण केलं होतं. त्या गृहस्थाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत उत्तर दिलं. तेव्हापासून सरांच्या मनात एक कुरतडणारा संशय होता, की आपल्याला येतं ते फ्रेंच नसावंच. ते फक्त परीक्षेत लिहायचं काहीतरी असावं. आपली विद्या कोणाच्या कधी उपयोगाला आली, असं एक तरी उदाहरण मिळावं आणि मग खुशाल डोळे मिटावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी वाटत नव्हती.

अशात हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, कॉफीच्या स्टॉलशेजारी चिकटवलेला कागद त्यांना दिसला. ‘फ्रेंच वाचणारा माणूस पाहिजे. अर्जंट. कॉफी मिळेल.’ सर तीन दिवस रोज त्या कागदासमोर जाऊन उभे राहिले. चौथ्या दिवशी स्टॉलवाली म्हणाली, “अंकल, फोन करणार की कागद पाठ करणार?” लाजेकाजेस्तव त्यांनी फोन केला.

पत्ता निघाला यिशुनच्या औद्योगिक वसाहतीतला. एका बाजूला सोया सॉसचं गोदाम, दुसऱ्या बाजूला दारं बनवणाऱ्याचा कारखाना, मध्ये चिंचोळी गल्ली आणि गल्लीच्या टोकाला मिस्टर कोह यांचं वर्कशॉप. कोह म्हणजे सत्तरीचे, तांदळाच्या पोत्यासारखे ऐसपैस गृहस्थ. त्यांनी ताडपत्री ओढली. खाली फ्रेंच बनावटीचा, सत्तर वर्षांपूर्वीचा, चौदा टनी रणगाडा होता.

सरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांचं लक्ष बाजूच्या खोक्यात गेलं होतं. खोक्यात हिरव्या कापडी बांधणीचे चार खंड होते. देखभालीची मूळ पुस्तकं, घडी उलगडून पाहायच्या आकृत्यांसकट. सरांनी पहिला खंड उघडला, नाकाशी नेला आणि इतका वेळ तिथेच ठेवला, की कोहना वाटलं, हा माणूस पुस्तकं वासाने वाचतो.

“हे घरी नेता येईल?” सरांनी विचारलं.

“पुस्तकं रणगाड्याची,” कोह म्हणाले. “रणगाडा सात जणांचा. एक जण ऑस्ट्रेलियाला मुलीकडे गेला, त्याची जागा रिकामी आहे. तू पुस्तकं वाचून सांग, सातवा तू. जमेल? कॅन?”

सर ‘घरी विचारून सांगतो’ म्हणणार होते. पण पेनाचं मघाशी सांगितलंच.

मग कोहनी त्यांना डावीकडच्या मडगार्डवरचा एक पोचा दाखवला. “हा माझा. एकोणिसाव्या वर्षी, लष्करी सेवेत. नारळाच्या झाडावर घातला होता. सार्जंट पंधरा मिनिटं ओरडला.” पुढे रणगाडे निवृत्त झाले, कोह निवृत्त झाले. कुठलीशी करमणुकीची बाग बंद पडली आणि तिथला शोभेचा रणगाडा भंगारात निघाला, तेव्हा कोह सहज बघायला गेले आणि पोचा ओळखीचा निघाला. “टीचर, एकदा, फक्त एकदा याला चालताना बघायचंय. मग झालं.” बोलताना ते पोच्यावरून बोट फिरवत होते. सरांना मांजर पाळणारी माणसं आठवली.

अशा रीतीने दर गुरुवारी सर यिशुनला जाऊ लागले आणि उरलेले सहा दिवस इंग्रजीत भाषांतर करू लागले.

पण रणगाडा एकट्याने घेता येतो, पचवावा मात्र शेजाऱ्यांबरोबरच लागतो. सोवन्यांच्या दोन मजले खाली भाऊसाहेब मोहिते राहत. तेही मुलाकडेच आलेले. त्यांनी खडकीला लष्करी भांडारात बत्तीस वर्षं नोकरी केली होती. तिथे ते मोजे, सतरंज्या आणि मच्छरदाण्या मोजत असत, पण बोलताना एकूण सुरात तोफखाना असे.

“सोवनी,” भाऊसाहेब लिफ्टपाशीच म्हणाले, “सातबारा बघितला का?”

“रणगाड्याचा?”

“मग काय तुमचा? सात हिस्सेदार आणि वाटणी नाही? अहो, आज गोड आहेत. उद्या एक जण उठेल, म्हणेल तोफ माझी. दुसरा म्हणेल इंजिन माझं. तुमच्या हातात राहील मागची साखळी. आधी हद्द कायम करून घ्या, खडूने.”

“तोफेचं तोंड वेल्डिंग करून बुजवलंय, भाऊसाहेब.”

“तर तोफेची बाजू मुळीच घेऊ नका! इंजिनाची बाजू घ्या. ती आग्नेयेला येते का बघा.”

सर रात्रभर या प्रश्नाचा विचार करत राहिले. रणगाडा वळला की आग्नेय दिशा पण वळणार, मग हिस्सा बदलतो का? सकाळी त्यांनी हे संजीवनीबाईंना विचारलं. त्यांनी उत्तरादाखल भाजी आणायची पिशवी पुढे केली.

हिस्सेदारांत आणखी एक मराठी माणूस होता. प्रबोध. नागपूरचा, सहा फुटी, विद्यापीठात गंजावर संशोधन करणारा. गंज कसा काढायचा हे याला ठाऊक असेल म्हणून कोहनी त्याला हिस्सा दिला होता. पण प्रबोधचा गंजावर जीव होता. कोहनी ग्राइंडर हातात घेतला की तो आडवा येई. “थांबा अंकल! हा साधा गंज नाही. याचे थर बघा. सत्तर वर्षं लागलीत याला!” मग तो लहान बाटल्यांत पापुद्रे गोळा करी, वर तारीख लिही. दोघांचं भांडण इतकं वाढलं, की सरांनी कधी नव्हे ते तोंड उघडून मध्यस्थी केली. बाहेरचा गंज कोहनी काढायचा, आतला प्रबोधने सांभाळायचा. भाऊसाहेबांना हे कळल्यावर ते म्हणाले, “बघा! वाटणी सुरू झाली.”

सरांचं भाषांतर मात्र झोकात चाललं होतं. चार महिन्यांत दोनशे चौदा पानं झाली. सरांनी आयुष्यात एकही विधान शंका जोडल्याशिवाय केलं नव्हतं, ते इथे कसं करतील? एकेका वाक्याला तीन तीन पर्याय आणि खाली तळटीप. अशा तळटिपा झाल्या एकशे त्रेसष्ट, शिवाय सुट्या कागदांवर ए, बी, सी अशी तीन परिशिष्टं. गाडी थांबवायची कशी, ही माहिती मूळ ग्रंथात चार ठिकाणी विखुरली होती. सैनिकाला तेवढं येत असणार असं लेखकाने गृहीत धरलं असावं. सरांनी ती कष्टाने एकत्र करून परिशिष्ट सी मध्ये घातली आणि योग्य जागी ‘तळटीप ३१ पाहा’ असं लिहिलं. तळटीप ३१ मध्ये लिहिलं, ‘परिशिष्ट सी पाहा.’ या रचनेवर सर मनातून खूष होते.

“टीचर,” कोह वही चाळत म्हणाले, “माझ्या लग्नाच्या कागदपत्रांतसुद्धा एवढ्या अटी नव्हत्या.” पण त्यांनी बोटाने ओळ न् ओळ वाचली, नळ्या जोडल्या, तारा बदलल्या आणि सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी, सकाळी अकरा वाजता, सरांच्या पान ५७ वरहुकूम इंजिन सुरू झालं.

सुरू झालं म्हणजे काय, सोया सॉसच्या गोदामातले सगळे अलार्म एकदम वाजू लागले. आधी पांढरा, मग करडा, मग काळाकुट्ट धूर निघाला, गल्लीत शिरला आणि दारवाल्याने वाळत घातलेल्या, नुकत्याच पांढऱ्या रंगवलेल्या चौदा दारांवर बसला. दारवाला धावत आला, दारांकडे बघत राहिला आणि जाताना म्हणाला, “अँटिक फिनिश म्हणून विकतो.” कोह मात्र हसायला तयार नव्हते. ते इंजिनाला कान लावून उभे होते आणि त्यांच्या गालावरून काजळीचे ओघळ येत होते. धुराने डोळे चुरचुरत असतील, असं सर स्वतःला म्हणाले. पान ५७! म्हणजे ते खरोखरचंच फ्रेंच होतं तर.

हा आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी जागेच्या मालकाची नोटीस आली: ऑक्टोबरअखेर रणगाडा हलवा, नाही तर आम्ही जागेवर कापून भंगारात घालू. क्रेन गल्लीत शिरत नव्हती, ट्रेलर गल्लीत वळत नव्हता. ट्रेलर फाटकाला पाठ लावून उभा राहील आणि रणगाड्याने आपल्या पायांनी चाळीस मीटर चालत जाऊन त्यावर चढायचं, एवढा एकच मार्ग होता. क्रांजीला एका हिस्सेदाराची ऑर्किडची बाग होती, तिथे जागा तयार होती. मधले चाळीस मीटर तेवढे उरले होते.

त्याआधी परवानगी. ऑनलाइन फॉर्मवर ‘चाकांची संख्या’ असा रकाना होता आणि तो शून्य घेत नव्हता. सर स्वतः कचेरीत गेले. खिडकीपलीकडची मुलगी फार गोड होती, त्यामुळे सर जास्तच घाबरले.

“अंकल, चाकं किती?”

“आत दहा आहेत. पण ती जमिनीला लागत नाहीत. म्हणजे एका अर्थी लागतात. पट्ट्यामार्फत.”

“तर हे वाहन आहे?”

“वाहन म्हणावं तर रस्त्यावर चालणार नाही. ट्रेलरवर बसून जाणार.”

“मग शस्त्र आहे?”

“तोफ बुजवलेली आहे.”

“मग भंगार? भंगाराचा फॉर्म सोपा आहे.”

सरांना कोहचं पोच्यावरून फिरणारं बोट आठवलं. “भंगार नाही,” ते म्हणाले, आणि आपला आवाज चढलेला ऐकून स्वतःच दचकले. मुलीने विचार केला, आत जाऊन कोणाला तरी विचारून आली. तीन खेपा आणि पाच फॉर्मांनंतर रणगाड्याला जायची परवानगी मिळाली ती ‘बागेतील शोभेची वस्तू, मोठी’ या नावाखाली.

आता प्रश्न चालवायचं कोणी. मूळ पुस्तकातच लिहिलं होतं, की चालक अंगाने लहान हवा. कोहना जागा माहीत होती, पण चालकाच्या भोकात त्यांचा एक पाय आणि अर्धी इच्छाच गेली. प्रबोधचे गुडघे बाहेर राहिले. बाकीच्या चौघांतला एक जण अडकला आणि त्याला खेचून काढताना चप्पल आत राहिली. ती काढायला म्हणून पाच फूट दोन इंचाचे, बेचाळीस किलोचे सोवनी सर वाकले आणि पोस्टाच्या पेटीत पत्र पडावं तसे अल्लाद आत गेले. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. शाळेत संचलनात कायम पहिल्या रांगेत उभं केलेल्या सरांना उंचीबद्दल टाळ्या मिळण्याची ही पहिलीच वेळ.

“मला सायकलही नीट येत नाही,” सर आतून म्हणाले.

“सरळ तर जायचंय, टीचर! कॅन, ला!”

पुढचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं. थांबायचं कसं, हे कोहनी सरांना सांगितलं नाही. ज्याने पुस्तकच लिहून काढलं त्या टीचरला हे काय सांगायचं, तो अपमान होईल असं त्यांना वाटलं. सरांनीही कोहना विचारलं नाही. ज्यांनी तरुणपणी हाच रणगाडा चालवला त्यांना असलं प्राथमिक काय विचारायचं, ते काय म्हणतील! आणि सरांचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट एकदा वहीत व्यवस्थित लिहिली की ती डोक्यात ठेवायच्या जबाबदारीतून ते मोकळे होत.

ट्रेलर मिळाला शनिवारी, आणि शनिवारी दसरा. संजीवनीबाई, ज्यांनी आजवर रणगाड्याचं नाव ‘तुमचं ते’ असं ठेवलं होतं, त्या एकदम कामाला लागल्या. “साडेतीन मुहूर्तांतला एक. पूजा केल्याशिवाय तुमचं ते फाटकाबाहेर जाणार नाही. आणि फाटक म्हणजे सीमाच की! याहून चांगलं सीमोल्लंघन कुठलं?”

“पण वहिनी, पूजा शस्त्राची की वाहनाची?” भाऊसाहेबांनी हरकत घेतली. “शस्त्र असेल तर खंडेनवमीला, म्हणजे कालच करायला हवी होती.”

“सरकारी कागदावर ती शोभेची वस्तू आहे,” संजीवनीबाई म्हणाल्या. “आज चालेल.”

दसऱ्याच्या सकाळी यिशुनच्या त्या गल्लीत सगळी मंडळी जमली. लिटिल इंडियातून आणलेली झेंडूची माळ तोफेला घातली गेली. प्रबोधने पूजेत हात जोडले नाहीत, पण माळ त्यानेच बांधली, कारण तिथपर्यंत दुसऱ्या कोणाचा हात पोचत नव्हता. आपट्याची पानं काही मिळाली नाहीत. तशाच पानांची कांचनाची झाडं रस्त्याकडेला पुष्कळ होती, पण झाडाचं पान तोडलं तर दंड, म्हणून अमेयने खाली पडलेली तेवढीच, इकडेतिकडे बघत, वेचून आणली होती. कोहनी आपल्या देव्हाऱ्यापुढच्या चार उदबत्त्या आणि दोन संत्री आणून ठेवली. लिंबं किती ठेवायची यावर भाऊसाहेबांनी दोन पट्टे म्हणून दोन असा निकाल दिला. नारळ चिलखतावर फोडू नका, रंग ओला आहे, असं कोहनी तीनदा सांगितलं. संजीवनीबाईंनी पिशवीतून हळदीची पुडी काढली, कुंकवाची पुडी काढली, तोफेखाली स्वस्तिक रेखलं आणि मडगार्डवरच्या पोच्यालाही एक बोट लावलं. कोहनी टोपी काढून हातात घेतली.

अमेयचं सायकलचं हेल्मेट डोक्यावर चढवून सर आत उतरले. भोकातून त्यांचं डोकं तेवढं बाहेर राहिलं. कोह ट्रेलरच्या वर, पुढच्या टोकाला, ड्रायव्हरच्या केबिनीला पाठ लावून उभे राहिले. सरांनी पान ५७ मनात म्हटलं. इंजिन गरजलं. अलार्म वाजले. दारवाल्याने चपळाईने आपली दारं आत ओढली. लिंबं चिरडली गेल्याचा आवाज कोणालाच आला नाही, पण सगळ्यांनी खाली वाकून पाहिलं आणि समाधानाने माना डोलावल्या.

रणगाडा चालू लागला!

दहा मीटर. वीस मीटर. सरांच्या आतबाहेर सगळं थरथरत होतं, पण मनात अशी शांतता होती, जशी त्यांना फक्त दुपारी ग्रंथालयात लाभत असे. मागे भाऊसाहेब ‘हर हर महादेव’ म्हणत होते. फाटक आलं. फाटक गेलं. सीमोल्लंघन झालं! तोफ वर उचलली गेली, आकाश दिसलं, मग धाडकन खाली येऊन रणगाडा ट्रेलरवर सपाट झाला आणि समोर कोह दिसले.

इथे थांबायचं होतं.

सरांच्या एकदम लक्षात आलं, की थांबायचं कसं हे तळटीप ३१ मध्ये आहे.

त्यांनी कोहकडे पाहिलं. कोहनी दोन्ही मुठी वळल्या आणि जोराने छातीशी ओढल्या. पुन्हा ओढल्या. चेहरा लाल झाला होता. अरे देवा, सरांना वाटलं, यांना छातीत कळ आली! आनंदाने आली असणार! “कोणीतरी मिस्टर कोहना बघा!” सर ओरडले. चौदा टनांच्या गडगडाटात ते फक्त सरांनाच ऐकू आलं. रणगाडा मुंगीच्या पावलाने, पण निष्ठेने, पुढे सरकत होता. कोहच्या मागे केबिन होती. बाजूला उडी मारायचं सोडून कोह मुठी ओढतच होते.

इकडे प्रबोधला संशय आला. त्याने वही उघडली. “तळटीप ३१ पाहा. कुठे आहे ३१? हां. परिशिष्ट सी पाहा. काकू, परिशिष्ट सी कुठाय? वहीत नाहीये!”

“सुटे कागद होते ते? जेवणाच्या टेबलावरचे?” संजीवनीबाईंचा चेहरा पांढरा पडला. “मी पुड्या बांधल्या त्यांच्या!”

त्यांनी पिशवी पालथी केली. कुंकवाची पुडी उलगडली, त्यावर इंजिन तेलाचं परिशिष्ट होतं. हळदीची पुडी उलगडली. हळद वाऱ्यावर उडाली आणि खाली नवऱ्याचं सुबक, टपोरं इंग्रजी अक्षर दिसलं. त्या वाचू लागल्या, पदर खोचून धावू लागल्या आणि ट्रेलरशेजारी येऊन त्यांनी आवाज लावला. हा आवाज चव्वेचाळीस वर्षं पुस्तकात बुडालेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी घडवलेला होता. त्यापुढे आठ सिलिंडरचं इंजिन काय करणार?

“अहोऽऽ! दोन्ही दांडे! एकदम! मागे ओढाऽऽ!”

सरांनी विचार केला नाही. तीन पर्याय मांडले नाहीत. त्यांनी दोन्ही दांडे धरले आणि छातीशी ओढले.

रणगाडा थांबला. गचका बसून इंजिनही बंद पडलं. तोफेवरची झेंडूची माळ पुढे झोका खाऊन कोहच्या गळ्यात पडली, आणि कोहच्या पोटात आणि पोलादात चार बोटांचं अंतर राहिलं. आता फक्त सोया सॉसचे अलार्म वाजत होते.

“मी तेच तर सांगत होतो!” कोह मुठी छातीशी धरूनच म्हणाले. “दांडे ओढ! दांडे ओढ!”

“मला वाटलं, तुम्हाला काही होतंय.”

“झालं असतं, टीचर. अजून चार बोटं आला असतास तर झालं असतं.” आणि मग ते हसू लागले. पोट हलायला लागलं तसं ते रणगाड्याला लागलं, तरी ते हसत होते आणि वाकून त्या पोच्यावर थापट्या मारत होते. “चालला! पाहिलंस? चालला!”

सरांना भोकातून बाहेर काढायला दोघे लागले, कारण त्यांचे हात दांडे सोडायला तयार नव्हते. खाली उतरल्यावर त्यांनी कांचनाचं एक पान कोहच्या हातावर ठेवलं आणि सांगितलं, की हे सोनं आहे, आज द्यायचं असतं. कोहनी ते उलटसुलट पाहिलं, पाकिटात जपून ठेवलं आणि सरांच्या हातात एक संत्रं दिलं. हिशेब कोणी केला नाही.

“वहिनी, शाबास!” भाऊसाहेब म्हणाले. “मी हेच सांगणार होतो. दांडेच ते!”

संजीवनीबाईंनी हळदीने माखलेलं परिशिष्ट झटकलं, घडी घातली आणि कमरेला खोचलं. नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “माणसं महत्त्वाचं असतं ते आधी लिहितात.”

त्या दुपारी ‘बागेतील शोभेची वस्तू, मोठी’ क्रांजीला सुखरूप पोचली. संध्याकाळी सर घरी आरामात पडले होते. काय गंमत आहे, त्यांच्या मनात आलं, एकूण सहा हजार मुली, चाळीस वर्षं, आणि उपयोग झाला तो चाळीस मीटर. पण झाला. आता काही राहिलं नाही. आता डोळे मिटायला हरकत नाही. त्यांनी ते मिटलेही. तेवढ्यात फोन वाजला.

“टीचर,” कोह म्हणत होते, “ट्रेलरवर तोंड पुढे करून चढलाय. उतरवायचा म्हणजे उलटा यायला पाहिजे. रिव्हर्सचं पान कुठलं?”

सर ताडकन उठून बसले. रिव्हर्स! ते चौथ्या खंडात होतं. चौथा खंड अजून भाषांतरित व्हायचा होता. “सोमवारपर्यंत थांबाल?” त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज पंचविशीतल्या नव्या मास्तरासारखा लागला.

त्यांनी बॉम्बशेल्टरचं पोलादी दार ओढून शब्दकोश काढले, टेबलावर मांडले, कोरा कागद समोर घेतला. संजीवनीबाईंनी चहाचा कप ठेवला आणि कागदावर बोट टेकवलं.

“पहिल्या ओळीत थांबायचं कसं ते लिहायचं. लाल शाईने. आणि तळटीप एकही नको.”

सरांनी निमूटपणे लाल पेन उघडलं. पहिली ओळ लिहिली. ती पुन्हा वाचली. बराच वेळ वाचली.

“अगं,” ते चाचरत म्हणाले, “एकच... अगदी लहानशी?”